सोफ्याचे हात हलत नाहीत

हॅलो?… हो, मीच… ताई होय, बोल… नाही गं, कसली झोपतेय, कधीची उठलेय. खिडकीत उभी आहे… स्वयंपाकघराच्या खिडकीत. एक डोळा दुधावर, एक रस्त्यावर… अगं, बस यायचीय म्हणून… नाही, मी कुठे जात नाहीये. बस बघायला उभी आहे.

ठकीची बस… आपली ठकी, दुसरी कोण. आज पहिल्यांदा एकटी चालवतेय. शेजारी शिकवणारे साहेब नाहीत, कोणी नाही. ती आणि बस… सांगितलं होतं की तुला. सांगितलं होतं, ताई. तू तेव्हा भावोजींच्या दाढेत अडकली होतीस… कशी आहे दाढ?… काढली? सुटले बिचारे.

हो, हो… अगं ऐक ना. नऊ नंबर मिळालाय तिला. आमच्या खालूनच जाते ना नऊ नंबर, औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावरून. तो कोपरा आठवतो ना? तुझ्या जावयाने गाडी घासली होती तो… बरं, घासली नव्हती, खांबच पुढे आला होता. तोच कोपरा. तिथून बस वळवायची म्हणजे स्टिअरिंग पार या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं लागतं. दोन्ही हात पसरून. तिथेच कळणार आहे सगळं.

काय म्हणजे? फाटतं का टिकतं… बस नाही गं फाटत. जॅकेट. तिच्या अंगातलं जॅकेट.

थांब, तुला पहिल्यापासून सांगितलं पाहिजे. चहा झाला तुझा?… मग बस निवांत.

यांनी शिवलं जॅकेट… यांनी म्हणजे आमच्या ह्यांनी. स्वतः. ठकीसाठी… हसून घे. हसलीस?… आता ऐक. सोफ्याच्या खोळी शिवणाऱ्या माणसाने जॅकेट शिवू नये असं कुठे लिहिलंय?… विकत मिळतात, माहीत आहे मला. ढिगाने मिळतात. पण ज्या माणसाने मुलीशी धड बोलणं टाकलं होतं, त्याने शिवलेलं कुठे मिळतं, सांग बघू.

हो, तेव्हापासूनच. ठकीने बसचं लायसन्स आणून टेबलावर ठेवलं त्या दिवसापासून. एका घरात राहायचं, एका टेबलावर जेवायचं आणि मध्ये मी पोस्टमन. 'तिला सांग, मीठ इकडे दे.' 'आई, त्यांना सांग, घ्या.' मीठ दोघांच्या मधोमध, आणि मी इकडून तिकडे निरोप पोचवतेय. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तसे दोघं. कोणावर गेलीय म्हणून विचारायची सोय नाही.

नाही, ताई, बाईमाणसाने बस चालवू नये असलं काही नव्हतं यांचं. तसा नाहीये हा माणूस. दुकान होतं मनात… तुला पाटीचं बोलले नाहीये मी. कोणालाच बोलले नाहीये.

अगं, यांनी दुकानासाठी नवीन पाटी करून घेतली होती. गुपचूप. मोठी, चांगली जेवणाच्या टेबलाएवढी. सोफे, गाद्या, खुर्च्या, सगळं लिहिलेलं, आणि खाली ठळक अक्षरात 'आणि मुलगी'. लोक नाही का लिहीत, अमुक आणि मुलगा, तमुक आणि बंधू. तसं यांनी, 'आणि मुलगी'. पाटी घेऊन जिना चढून आले, धापा टाकत, चेहरा असा फुललेला. आणि टेबलावर लायसन्स.

तिला काय माहीत? तिला पाटीचं माहीत नव्हतं, यांना लायसन्सचं माहीत नव्हतं. दोघंही ताकास तूर लागू देत नाहीत आणि मग एकमेकांवर रुसतात… काही बोलले नाहीत गं. बोलले असते तर बरं झालं असतं. पाटी दाराआड ठेवली, तोंड भिंतीकडे करून, आणि मला म्हणाले, 'तिला सांग, तिच्या बसमध्ये मी कधी पाय ठेवणार नाही.'

आणि नाही ठेवला. तिच्याच काय, कोणाच्याच बसमध्ये नाही. नऊ नंबर थेट यांच्या दुकानाच्या दारात उतरवते, पण हे चालत जातात. गुडघा धरून, कुरकुरत. घरी आले की तेल चोळायला मी आहेच… आज? आजही चालतच गेले असणार. निघाले मघाशीच, रोजच्यापेक्षा लवकर. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी म्हटलं, सोफे शिवायला निघालात की मुलगी बघायला? हसले पण नाहीत.

एक मिनिट हं… नाही, पाण्याचा टँकर आहे. मला वाटलं बस.

हो तर, जॅकेट. झालं काय, ठकीचं शिकणं चालू होतं तेव्हा तिला पहाटेची पाळी असायची. आता थंडी सरत आलीय ना, तर सकाळी बोटं गारठतात आणि दुपारी घामाच्या धारा. जाड कोट घातला तर दुपारी उकडतं, नाही घातला तर सकाळी कुडकुडते. मी सहज म्हटलं जेवताना, हिला काहीतरी हलकं हवं, वारा अडवेल असं. भिंतीला म्हटलं समज. हे आपले ताटात बघून जेवतायत. ऐकलं की नाही तेसुद्धा कळलं नाही मला.

आणि दुसऱ्या दिवशी बघते तर काय. दुपारची वेळ. ठकी पाळीवरून येऊन सोफ्यावर पडलीय, पालथी, हात अंगाला चिकटवून, मेल्यासारखी झोपते ना ती. आणि हे मांजराच्या पावलांनी येतायत. गळ्यात टेप. मी दारात उभी, हातात डाव. माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं यांनी, आणि वाकून तिची मापं घ्यायला लागले.

अगं झोपलेल्या पोरीची. खांदा, पाठ, हात, कंबर, सगळं. जशी सोफ्याची घेतात तशी… मग काय करणार, उभी राहा म्हणायचं तर बोलावं लागलं असतं ना. मापं कुठे लिहिली, तर तळहातावर, पेनाने. आणि मग रात्रीपर्यंत हात धुवायला तयार नाहीत. चमच्याने जेवले. ठकी मला म्हणते, 'आई, त्यांच्या हाताला काय झालंय?' मी म्हटलं, चटका बसलाय. काय सांगू तिला.

कापड गडद निळं आणलं. तिच्या ऑफिसचा नियम आहे, स्वतःचं जॅकेट चालेल पण निळं पाहिजे. चांगलं कापड आहे गं, पातळ, हातात धरलं तर वजनच लागत नाही. ते दुकानात नेलं यांनी, यांच्या मशीनवर. आता यांचं मशीन म्हणजे ताडपत्री शिवणारं. त्याने ते कापड ओढलं, चघळलं आणि बाहेर फेकलं. मग मशीनलाच शिव्या. नाचता येईना, अंगण वाकडं.

मग आले घरी. माझ्यासमोर उभे राहिले, खाकरले, आणि म्हणाले, 'तुझं ते… मशीन मोकळं आहे का?' ऐकलंस? मशीन म्हणाले. इतकी वर्षं खेळणं म्हणायचे माझ्या मशीनला. 'खेळण्यावर पडदे शिवतेयस का?' असं. मी बारीक सुई काढून दिली, बॉबिन भरून दिलं, आणि मनातल्या मनात नाचून घेतलं.

आणि बेतलं कुठे, सांगू? जेवणाचं टेबल आमचं मधून उंचसखल, फळ्या सुटल्यायत त्याच्या. सपाट जागा काही सापडेना. जरा वेळ घरभर फिरले. मग दाराआडून ती पाटी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली… नाही, पालथी नाही. सुलटी, अक्षरं वर. तिच्यावर कापड अंथरलं आणि खडूने रेघा मारायला लागले. मी भाजी चिरत होते. कांदा नव्हता गं त्या दिवशी, नाहीतर त्याच्यावर ढकललं असतं.

थांब, थांब… दूध. दूध वर आलं… झालं, बंद केला गॅस. बस नाही आली अजून. थांब्यावर माणसं जमलीयत बरीच. त्यांना काय माहीत आज कोण येतंय.

अस्तराचं सांगू? आमचा पहिला सोफा आठवतो तुला? पिवळा, बारीक ठिपक्यांचा… हो, तोच, तू त्याच्यावर सरबत सांडलं होतंस. ठकी त्याच सोफ्याच्या कडेला धरून पहिल्यांदा उभी राहिली. त्या कापडाचा तुकडा यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि मला पत्ता नाही. त्याचं अस्तर लावलं. बाहेरून निळं, शिस्तीचं, आणि बाहीचं टोक दुमडलं की आतून पिवळे ठिपके. मी म्हटलं, ऑफिसात चालेल का? म्हणाले, 'ऑफिसने बाहेरचं बघावं.'

आणि शिवण काय घातली होती, ताई. तुझ्या त्या परदेशातून आणलेल्या कोटाची नसेल… असेल तुझ्या कोटाची छान, मी कुठे नाही म्हणतेय. पण यांनी सगळ्या कडांना बारीक गोट लावला होता, सोफ्याला लावतात तसा. चेन अशी बसवलेली की बोटाला लागू नये. तुला यांची सवय माहीत आहे ना? खोळ चढवली की चारी बाजूंनी फिरून बघायचं, कुठे सुरकुती दिसते का. दिसली की उसवायची. 'सुरकुती म्हणजे कारागिराची लाज,' हे वाक्य मी झोपेत पण म्हणून दाखवीन.

मग शिवून झालं आणि ठकीच्या खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवलं. सांगितलं काही नाही. हे आपले पेपर धरून बसलेत, तोही उलटा. ठकी आली, बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी भाताकडे बघितलं. तिने घातलं.

काय सांगू, ताई. अंगावर ओतल्यासारखं. एक सुरकुती नाही. आरशासमोर उभी राहिली, तर मला वाटलं ही माझी पोर नाहीच, कोणीतरी कॅप्टन आहे. हे पेपरच्या वरून बघतायत. आणि मला म्हणाले, 'बघ. एक सुरकुती नाही.' छाती अशी फुगलेली.

आणि ठकी खुर्चीवर बसली आणि स्टिअरिंग धरतात तसे दोन्ही हात पुढे केले तिने.

चर्रर्र.

मानेपासून पार खालपर्यंत. पाठ उभी उसवली. पिवळे ठिपके बाहेर… हो ना गं. अगं मापंच झोपलेल्या मुलीची ना. इंचाला इंच, धाग्याला धागा. श्वास घ्यायलासुद्धा जागा ठेवली नव्हती. सोफ्याला कशाला लागतोय श्वास.

नाही, कोणी हसलं नाही. मी तर आमटी ढवळायचं पण विसरले. हे उठले, तिच्या मागे जाऊन उभे राहिले, ती फाटलेली पाठ बघत. आणि पुटपुटले, स्वतःशीच, 'आयुष्यभर हात असलेल्या वस्तूंचीच कापडं शिवली. पण सोफ्याचे हात हलत नाहीत.'

आणि ठकी काय म्हणाली माहीत आहे? 'आई, त्यांना सांग, फार छान झालंय. बस चालवताना मी काढून ठेवीन.' मायेनेच म्हणाली गं. पण यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं आता उठतील आणि दुकानात निघून जातील, आणि संपलं, पुढचं वर्षभर पोस्टमनकी माझ्या नशिबी.

नाही गेले. दुसरी खुर्ची ओढली, तिच्या पाठीमागे बसले, खडू घेतला. आणि म्हणाले, 'दाखव.'

तिला म्हणाले, ताई. मला नाही. मी निरोप द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. कितीतरी महिन्यांनी तिला सरळ बोललेला शब्द, आणि तो पण एकच. 'दाखव.'

कसं दाखवणार? मोठ्या पातेल्याचं झाकण दिलं मी तिला. ते धरलं आणि चालवायला लागली. डावं वळण, उजवं वळण, आरशात बघायला वाकली, दाराचं बटण दाबायला हात लांब केला. आणि हे मागून, जिथे जिथे कापड ओढलं जातंय तिथे खडूची खूण. ठकीला पण चेव आला. अख्खा नऊ नंबर चालवला तिने स्वयंपाकघरात. 'मागे सरका, दार बंद होतंय.' 'आजोबा, सावकाश.' प्रत्येक थांब्याचं नाव घेत. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर तर झाकण इतकं फिरवलं की राहिलेली शिवण पण गेली.

आणि यांच्या दुकानासमोरच्या थांब्यावर थांबली. झाकण खाली ठेवलं. म्हणाली, पुढे बघतच म्हणाली, 'इथे एक जण उतरायचे नेहमी. हल्ली उतरत नाहीत.'

आणि यांनी? दोरा तोडला दाताने आणि पाठ उसवायला घेतली. मी झाकण उचलून परत पातेल्यावर ठेवलं. प्रत्येक वेळी पोस्टमनने मध्ये पडायचं नसतं.

मग परत बेतली पाठ. आणि या वेळी दोन्ही खांद्यांच्या मागे एकेक चुणी घातली, खोल, घडी करून. हात पुढे गेले की उघडते, मागे आले की मिटते. बाहीचा मुंढा खाली घेतला. ज्या माणसाने जन्मभर सुरकुतीशी भांडण केलं, तो स्वतःच्या हाताने घडी घालतोय आणि वरून इस्त्री फिरवतोय. मी नुसती बघत होते. मला म्हणाले, 'सोफा जागेवर राहतो. ही जाणारी आहे. जाणाऱ्या माणसाला जागा ठेवावी लागते.' मी म्हटलं, असू दे, चहा घ्या. नाहीतर मी तिथेच रडले असते.

घातलं ना, आज सकाळी. अंधारातच निघाली, आवाज न करता. पण खुर्चीवरचं जॅकेट नव्हतं. हे उठले तेव्हा सगळ्यात आधी खुर्चीकडे बघितलं. मग आंघोळीला गेले.

हो, मग? आहेच मला अभिमान. सरळ सांगते, ताई, दोघांचा आहे. तुझ्या घरात इंजिनियर आहेत, डॉक्टर आहेत, चांगलंच आहे. माझ्या घरात सोफे शिवणारा आहे आणि बस चालवणारी आहे, आणि दोघंही आपापल्या कामात… थांब.

थांब, थांब. आली. आली, ताई. तिकडून वळतेय… दिसली. ठकीच आहे. एवढीशी पोर आणि एवढी मोठी बस, मला वाटलं होतं काचेतून नाक तेवढं दिसेल. चांगली दिसतेय. निळी… कोपऱ्यावर आली. सावकाश, सावकाश गं बाई… एक रिकामा टेम्पो उभा केलाय कोणी मेल्याने नेमका… फिरवतेय. दोन्ही हात… बाह्या दुमडल्यायत तिने, पिवळं दिसतंय. इथून दिसतंय, ताई… फिरवतेय, फिरवतेय… खांब… नाही लागला. वळली. एका दमात वळली. तुझ्या जावयाला सांग.

थांबली थांब्यावर. माणसं चढतायत… पाठ कशी दिसणार इथून? बाजूनं दिसतेय ती. पण हसतेय. फाटलं असतं तर हसली नसती… एक बाई चढली, दोन कॉलेजची मुलं, आणि शेवटी…

ताई.

अगं, शेवटी हे आहेत… आमचे हे. रांगेत शेवटी. तो इस्त्रीचा शर्ट. म्हणजे मघापासून तिथेच उभे होते, टपरीच्या आड, आणि मी इथे खिडकीतून… मला काय माहीत… उभे आहेत. चढत नाहीयेत. टायरकडे बघतायत. टायरचं काय कळतं यांना… दार उघडंच आहे. ती बघतेय. मागे गाड्या खोळंबल्या, हॉर्न वाजवतायत… वाजवू देत…

पाय ठेवला.

चढले, ताई. चढले. आत गेले… तिच्याजवळ थांबलेत. वाकले. बोलतायत की… नाही, खांद्यावरून काहीतरी पुसतायत, अंगठ्याने. खडू राहिला असेल. ती मान खाली घालून बसलीय… मागे एक रिक्षावाला बोंबलतोय. बोंबल बाबा, बोंबल… बसले. पहिल्या सीटवर, तिच्या बरोबर मागे. बसल्या बसल्या सीटच्या कव्हरवरून हात फिरवतायत, सुरकुती शोधतायत. सापडेल, खात्रीने सापडेल.

निघाली बस… गेली.

नाही, रडत नाहीये. दुधाची वाफ आहे… बरं, रडतेय. तू कशाला रडतेयस?… पुस डोळे. भावोजी घाबरतील, म्हणतील परत दाढ.

काय? तुला पण शिवून देतील का? विचारते. पण माप द्यायचं असेल तर इकडे यावं लागेल आणि आमच्या सोफ्यावर झोपावं लागेल… हसू नकोस, खरंच सांगते… एक मिनिट, ताई. फोन येतोय मध्येच. यांचाच आहे. बसमधूनच… ठेव तू. ठेव ठेव, मी करते नंतर.

हॅलो?… अहो, दिसलं सगळं, खिडकीतच होते… हो, वळण पण बघितलं… पाठ कशी आहे?… उघडते आणि मिटते? दोन्हीकडची?… बरं. बरं, ऐकलं… सीटला सुरकुत्या आहेत. असू देत, त्या तुम्ही नाही घातलेल्या.

काय?… तिला काय सांगू?… वळण झकास घेतलं म्हणून?

अहो, तुमच्या पुढ्यातच बसलीय ना ती. हात लांब केला तर खांद्याला लागेल. मी इथून काय सांगू?… नाही. नाही म्हणजे नाही. मी आजपासून नोकरी सोडली. तुम्हीच सांगा.

पाटी? कसली पाटी?… 'चालकाशी बोलू नये'?

बरोबरच आहे. नियम आहे तो, मोडू नका. पुढच्या चौकात लाल दिवा लागतो. तो लागू द्या, बस थांबू द्या, आणि मग सांगा.

हो, लाल दिव्याला… ठेवते मी.